एकाच रकान्यात

अमेरिकेत मतदान केंद्रावर बसणारे लोक सरकारी नोकर नसतात. आपल्याकडे शाळेतल्या मास्तरांना निवडणुकीच्या कामाला जुंपतात, तसं इथे नाही. मिशिगनचा कुणीही नोंदणीकृत मतदार अर्ज करून, प्रशिक्षण घेऊन हे काम करू शकतो. अर्जात आपण डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे लिहावं लागतं, कारण केंद्रावर दोन्हीकडचे लोक हवे असतात. मानधन मिळतं, पण त्यासाठी कुणी पहाटे उठून येत नाही. मी डेट्रॉइटजवळच्या कँटनला राहते, पोटापाण्याला आयटी. २०२० साली डेट्रॉइटमध्ये मतमोजणी चालू असताना बाहेरची गर्दी हॉलच्या काचांवर मुठी आपटत होती, ते टीव्हीवर पाहिलं आणि नाव देऊन टाकलं. तेव्हापासून निवडणूक आली की मी रजा टाकते.

६ ऑगस्ट २०२४ ला डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन, दोन्ही पक्षांची प्रायमरी होती, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. मतदारसंघ मिशिगनचा तेरावा, म्हणजे डेट्रॉइटचा बराचसा भाग, हॅमट्रॅमक, हायलंड पार्क, पूर्वेकडची श्रीमंत ग्रॉस पॉइंट गावं आणि दक्षिणेची कामगारवस्ती. इथे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरचं मतदान नावापुरतं उरतं. विद्यमान खासदार श्री ठाणेदार. बेळगावकडचे, मराठी बोलणारे, गरिबीतून वर येऊन १९७९ ला अमेरिकेत आलेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले, कंपन्या उभ्या करून, बुडवून, पुन्हा उभ्या केलेले. त्यांची ही गोष्ट महाराष्ट्रात माहीत नाही असा वाचणारा माणूस विरळा. समोर दोघी: डेट्रॉइट नगर परिषदेच्या सदस्य मेरी वॉटर्स आणि शकिरा हॉकिन्स. दोघीही कृष्णवर्णीय.

आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या रात्रीपासून ‘आपला माणूस’ सुरू होतं. त्यातले बहुतेक नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्सचे, म्हणजे या मतदारसंघात ज्यांचं मतच नाही असे. केंद्रावर गेल्यावर मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

केंद्र पश्चिम डेट्रॉइटमधल्या एका शाळेच्या जिममध्ये होतं. मुख्य बाई पासष्टीच्या, शहराची बस चालवून निवृत्त झालेल्या. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. सात वाजता यंत्राने, अजून एकही मत पडलेलं नाही हे दाखवणारी, शून्याची पट्टी छापली, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आणि दार उघडलं. आता नऊ दिवस आधीपासून मत देता येतं, टपालाने देणारेही पुष्कळ, त्यामुळे रांग वगैरे काही नव्हती. माणसं एकेक करून येत होती.

सकाळी मी मतदारयादीच्या टेबलावर होते. ओळखपत्र बघायचं, लॅपटॉपवर नाव काढायचं, अर्जावर मतपत्रिकेचा क्रमांक टाकायचा. लोक माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतायत हे लगेच कळलं. एरवी या टेबलावर मी म्हणजे एक चष्मेवाली बाई. त्या दिवशी मतपत्रिकेवरच्या एका नावाशी माझा चेहरा जुळत होता. एकाने हसत विचारलं, ‘भाऊ की काका?’ दुसऱ्याला मात्र हसू येत नव्हतं. पन्नाशीचा गृहस्थ, अंगात कारखान्याचं जाकीट. ओळखपत्र पुढे केलं आणि मागे घेतलं. ‘दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या.’

मी काही बोलायच्या आत बाई पलीकडून आल्या. ‘लॅपटॉप तिच्यापुढे आहे. मत द्यायचंय ना?’

त्याने कार्ड दिलं. जाताना ‘थँक यू, मॅम’ म्हणाला, तेही नीट. मला राग आला होता, हे खरं. पण जेवायच्या सुट्टीपर्यंत तो टिकला नाही, कारण पार्किंगमध्ये बाईंनी मला हिशेब ऐकवला. आत उमेदवाराचं नाव काढायची बंदी, म्हणून बाहेर, त्यांच्या गाडीच्या सावलीत.

‘१९५५ पासून मोज,’ त्या म्हणाल्या. त्या वर्षी चार्ल्स डिग्ज हे कृष्णवर्णीय पुढारी डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेले, आणि त्याच वर्षी एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला बघायला मिसिसिपीत जाऊन बसले. तिथे एका कृष्णवर्णीय खासदाराने जाऊन बसणं म्हणजे जीव मुठीत घेणं होतं. मग १९६५ पासून जॉन कॉन्यर्स, तेही कृष्णवर्णीय, बावन्न वर्षांहून जास्त. त्यांच्या डेट्रॉइटच्या कार्यालयात १९८८ पर्यंत रोझा पार्क्स नोकरीला होत्या. मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून न उठलेल्या, त्याच. घराचं, पेन्शनचं गाऱ्हाणं घेऊन गेलं की टेबलापलीकडे त्या असायच्या. (बस चालवण्यात उभी हयात गेलेल्या बाई हे सांगताना जरा ताठ झाल्या.) ही साखळी २०२२ च्या निवडणुकीने तुटली. ज्या शहरात चारातले तीन लोक कृष्णवर्णीय, त्याचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. योगायोग असा की ठाणेदारांचा जन्मही १९५५ चाच.

‘आणि तुटली कशी? आमच्याच मूर्खपणाने.’ २०२२ ला कृष्णवर्णीय खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या आणि जागेसाठी नऊ जण उभे राहिले. कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या एका गटाने त्यांच्यातल्याच ॲडम हॉलियर या कृष्णवर्णीय उमेदवारामागे एक व्हा म्हणून घसा कोरडा केला, कुणी माघार घेतली नाही. ठाणेदारांनी पदरचे लाखो डॉलर ओतले आणि २८ टक्क्यांवर जिंकले. हॉलियर पाचेक टक्के मागे. २०२४ ला ते पुन्हा येणार, ही लढत बघण्यासारखी होणार, असं सगळे धरून चालले होते. उमेदवारीला एक हजार वैध सह्या लागतात. त्यांनी दीड हजाराच्या वर दिल्या. ठाणेदारांनी हरकत घेतली, तपासात कित्येक सह्या एकाच हातच्या निघाल्या, आणि काउंटी क्लार्कच्या, म्हणजे जिल्ह्याचं निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या हिशेबात वैध उरल्या ८६३. नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. ऐन वेळी महापौर माइक डगन यांनी वॉटर्स यांना पाठिंबा दिला, पण पैसा आणि वेळ दोन्ही हातातून गेलं होतं.

डगन हे नाव आलं म्हणून मी तोंड उघडलं. डगन गोरे. २०१३ च्या प्रायमरीत त्यांचंही नाव रहिवासाच्या नियमावरून कापलं गेलं होतं, आणि याच शहराने मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून त्यांना पुढे आणलं, मग तीनदा महापौर केलं. २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत राज्यात तिसरे आलेले ठाणेदार डेट्रॉइट शहरात पहिले होते. म्हणजे इथला मतदार रंग बघूनच शिक्का मारतो हे काही खरं नाही.

‘मी कुठे म्हटलं बघतो?’ बाई म्हणाल्या. ‘मी म्हणते, आमच्यापुढे ठेवतच नाहीत. नऊ जण ठेवतात, नाहीतर कुणीच नाही.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रुपवरचं ‘आपला माणूस’ मला आठवत होतं. आमच्या बाजूने ते कौतुक आणि त्यांच्या बाजूने तीच भावना म्हणजे जातीयवाद, असा हिशेब मांडायला मला तरी जमत नाही. उलट त्यांच्या मागणीला सत्तर वर्षांचं कारण आहे. आमच्याकडे फक्त आडनाव आहे.

दुपारी माझी पाळी मतं मोजणाऱ्या यंत्राशी आली. यंत्रापासून हातभर नाही, चांगलं लांब उभं राहायचं, म्हणजे मतपत्रिका दिसत नाही. तीनच्या सुमाराला एक आजी वॉकर ढकलत आल्या. वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू खोचलेले. कागद यंत्रात घातला, यंत्राने तो परत बाहेर काढला आणि पडद्यावर सूचना आली. मिशिगनच्या प्रायमरीत एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. मत एकाच रकान्यात द्यायचं. दोन्हीकडे खुणा केल्या की पक्षाची सगळी मतं बाद.

हे मी सांगत असतानाच आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘हो, केल्या दोन्हीकडे. इकडे मेरी. तिकडे तो बिव्हिंग्ज. तोही आपलाच पोरगा ना?’

‘आजी, नाव सांगू नका,’ मी म्हटलं, पण जिममध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं. मार्टेल बिव्हिंग्ज हा रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार, कृष्णवर्णीय. २०२२ ला ‘डेट्रॉइट न्यूज’ने नोव्हेंबरच्या लढतीत ठाणेदारांऐवजी त्याची शिफारस केली होती. आजींनी जन्मात रिपब्लिकनला मत दिलं नसेल. त्यांना दोन्ही दारांवर आपला माणूस उभा करायचा होता, म्हणजे कुणीतरी आत जाईलच. डोकं बिनतोड होतं, फक्त नियमात बसत नव्हतं.

मी त्यांना दोन्ही मार्ग सांगितले: हाच कागद यंत्राला घेऊ द्या, मग पक्षांची मतं जातील आणि उरलेली मोजली जातील, नाहीतर हा रद्द करून नवा घ्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

‘बाळा, तू त्या श्रीच्या गावची का?’

‘नाही. भाषा तेवढी एक.’

‘मग खरं सांगतेस. दे नवा.’

बाईंनी जुन्या कागदावर ‘रद्द’ लिहून तो पाकिटात घातला. आजी पुन्हा आडोशाला गेल्या आणि एवढा वेळ घेतला की मागे पहिल्यांदाच रांगेसारखं काहीतरी झालं. या वेळी यंत्राने कागद मुकाट्याने घेतला. कोणाला दिलं ते त्या बोलल्या नाहीत, मीही चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्न केला नाही. अमेरिकन झेंड्याचा ‘मी मतदान केलं’वाला स्टिकर मात्र दोन मागून घेतले.

आठला दार बंद झालं. पट्टी निघाली, तेव्हा आमच्या केंद्रावर वॉटर्स पुढे होत्या. बाईंचा चेहरा खुलला. पण एका जिमवर मतदारसंघ ओळखू नये. रात्री उशिरा चित्र स्पष्ट झालं: ठाणेदार ५४ टक्क्यांच्या आसपास, वॉटर्स तिसऱ्या हिश्शाजवळ, हॉकिन्स त्याच्या बऱ्याच खाली. मतं फुटली म्हणून हरलो हे २०२२ चं कारण या खेपेला लागू पडत नव्हतं. दोघींची बेरीज केली तरी पन्नाशी गाठत नव्हती. सिनेटच्या प्रायमरीतही एलिसा स्लॉटकिन यांनी कृष्णवर्णीय अभिनेते हिल हार्पर यांना सहज हरवलं. माझं मत असं की ठाणेदार पैशाच्या जोरावर आले, आणि टिकले ते मुख्यतः समोर तोडीचा कुणी नसल्यामुळे. ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा एकाने मला ‘खेकडा’ म्हटलं. मराठी माणसाची ती ठरलेली शिवी.

२०२५ मध्ये राज्य विधिमंडळाचे सदस्य डोनव्हन मॅकिनी यांनी ठाणेदारांविरुद्ध दंड थोपटले. त्या आठवड्यात बाईंचा फोन आला. त्यांनी पुढच्या प्रायमरीला केंद्रावर काम न करायचं ठरवलंय. दारोदार जाऊन सह्या गोळा करणार आहेत. ‘आणि प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत होणार,’ त्या म्हणाल्या. माझं काय, असं विचारलं. मी म्हटलं, मी आहे तिथेच, लॅपटॉपच्या टेबलावर.