पाटीवर जागा एकाचीच

सकाळी कुडाळच्या पाटीवाल्याचा फोन आला. आईच्या थडग्यावरच्या पाटीवर नावाच्या वर ‘ख्रिस्तवासी’ कोरायचे की खाली ‘प्रभूमध्ये निजली’ लिहायचे, एवढेच त्याला विचारायचे होते, कारण दादाने पाठवलेल्या कागदावर दोन्ही आहे आणि पाटीवर जागा एकाचीच आहे. संध्याकाळपर्यंत कळवते असे सांगून मी फोन ठेवला. आता रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि मी अजून काहीही कळवलेले नाही.

हे दोन्ही शब्द मी लहानपणापासून एका दमात ऐकत आले. अप्पांच्या वेळी पत्रिकेवर दोन्ही छापले होते आणि कोणालाही खटकले नव्हते. आज त्या माणसाने ते वेगळे करून समोर ठेवले, तेव्हा लक्षात आले की ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत. जी ख्रिस्तवासी झाली ती ख्रिस्तापाशी राहते, म्हणजे जागी आहे. जी निजली तिला पुनरुत्थानाच्या सकाळपर्यंत कोणी हाक मारणार नाही. मग आई या घटकेला काय करते आहे? भाताचे पाणी ठेवताना, वाळलेले कपडे आत घेताना, दिवसभर हाच एक प्रश्न माझ्या मागे फिरत राहिला.

दादाच्या मते हा प्रश्नच नाही. आमच्या प्रेसबिटेरियन परंपरेने 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात याचा निकाल लावून ठेवला आहे: शरीर मातीला मिळते, आत्मा मरतही नाही आणि झोपतही नाही, तो लगेच देवाकडे परततो, तेव्हा शरीरापुरता एक शब्द खरा, आत्म्यापुरता दुसरा. हिशेब चोख आहे. परंतु सुरूच्या बनामागे जांभ्याच्या चौथऱ्याखाली जे आहे तेही माझ्यासाठी आईच आहे. ज्या गुडघ्यांना मी रोज रात्री तेल चोळत असे, ते गुडघे तिथे आहेत. निम्मी आई इथे आणि निम्मी तिथे, ही वाटणी मला मानवत नाही.

दुपारी पुण्याला काकांना फोन केला. ते रविवारऐवजी शनिवार हा विश्रांतिवार म्हणून पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. त्यांनी बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकातल्या नवव्या अध्यायातले पाचवे वचन लगेच काढले, की मेलेल्यांना काहीच कळत नाही. मी येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराची आठवण करून दिली, त्याला तर त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले होते. त्यावर काका म्हणाले की जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती, आणि ‘आज’ हा शब्द मागच्या ‘मी तुला सांगतो’ला जोडला तर सगळा अर्थ फिरतो. आईचे जागेपण एका स्वल्पविरामावर टांगलेले असावे, याचा मला संतापच आला. ख्रिस्ताजवळ जाणे अधिक चांगले, असे पौल फिलिप्पैकरांना लिहितो. तो काय झोपायला जाण्याबद्दल लिहीत होता? काका शांतपणे म्हणाले, निजलेल्याला मधला काळ जाणवत नाही, त्याच्या लेखी डोळा मिटला आणि उघडला एवढेच. यावर मला उत्तर सुचले नाही. तिच्या लेखी ते ठीकच असेल. मधला काळ मला जाणवतो आहे, त्याचे काय?

वहिनीचा मला हेवा वाटतो. ती वसईची, कॅथलिक माहेरची. 2 नोव्हेंबरला ती मेणबत्ती लावील, मिस्सा सांगेल, आणि शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेत असलेल्या आत्म्याला आपली प्रार्थना उपयोगी पडते या विश्वासाने घरी येऊन स्वयंपाकाला लागेल. तिच्या श्रद्धेने मागे राहिलेल्यांना काहीतरी काम दिले आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी मृतांसाठी प्रार्थना करणे सोडले. त्यांची कारणे मला पाठ आहेत. पण या आठ महिन्यांत माझ्या हातांना काय करावे ते कळत नाही.

पोपसुद्धा यात अडखळला होता, हे वाचून थोडे बरे वाटले. बाविसाव्या जॉनने 1331 मध्ये आव्हिन्योंला प्रवचनांतून सांगितले की अंतिम न्यायापूर्वी संतांच्या आत्म्यांनाही देवाचे पूर्ण दर्शन होत नाही. त्यावरून गदारोळ झाला, 1334 मध्ये मृत्युशय्येवर त्याने ते मत मागे घेतले, आणि त्याच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्टने 1336 मध्ये उलट निर्णय जाहीर केला. पुढे प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननेही ऐन पंचविशीत, 1534 मध्ये, आत्मा निजतो म्हणणाऱ्यांविरुद्ध एक अख्खे पुस्तक लिहिले. पोपला तीन वर्षे मिळाली होती. पाटीवाल्याला उद्या सकाळी हवे आहे.

खरे कारण लिहायला हवे. ती जागी असावी असे मला वाटते, कारण ती निजलेली असेल तर मी जेवले की नाही हे माहीत असणारे कोणीही उरलेले नाही. त्या आठवड्यात मी सावंतवाडीला होते. ते असो.

जेवणानंतर शमुवेलाचे पहिले पुस्तक उघडले. एन-दोरच्या, मृतांना बोलावणाऱ्या बाईकरवी शौल राजा मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर बोलावतो, आणि शमुवेलाची पहिली तक्रार हीच, की मला वर आणून त्रास का दिलास. मी एकटीच मोठ्याने हसले. तो थेट आईचा आवाज होता. दुपारी दोन ते चार तिला उठवण्याची हिंमत अप्पांचीही नव्हती. एकदा पोस्टमन मनीऑर्डर घेऊन पडवीत चार वाजेपर्यंत बसून होता. आणि तरीही त्याच झोपेत, डोळे न उघडता, ती मला विचारत असे, “आमसुलांच्या बरणीचा झाकण लावलंस मां?” ती झोप काकांच्या वचनात बसत नाही, कॅल्विनच्या पुस्तकातही बसणार नाही. पण ती झोप मला ओळखीची आहे.

अकरा वाजता पाटीवाल्याला फोन लावला. तो जागाच होता. ‘प्रभूमध्ये निजली’ लिहा, असे सांगितले. दादा चिडेल, त्याचे उद्या पाहता येईल. त्याने अक्षरे मोजून दर सांगितला आणि विचारले, “शेवटाक टिंब घालूचा काय?”

नको म्हटले. 

“घाला हवा तर,” तो म्हणाला, “टिंबाचे पैसे मी घेणय नाय.”