आमची वाटचाल: अकरा किचन आणि दोन इंच

"ऑनलाइन किचन घ्यावं का हो?" असं लोक मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठून विचारतात. मी स्वतः तेच विकतो, म्हणजे लोकांनी ऑनलाइन आखलेली ओट्याखालची कपाटं मापावर कापून देतो, तेव्हा माझ्या उत्तराला किती किंमत द्यायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. घ्यावं. स्वतः आखून घेतलं तर जास्तच चांगलं. फक्त भिंतीला टाइल लागल्याशिवाय टेप हातात घेऊ नये. हे एक वाक्य शिकायला मला सात लाख रुपये लागले.

आम्ही मूळचे भोर तालुक्यातले सुतार. आजोबांनी तिफणी आणि बैलगाडीची चाकं केली, वडील दारं-खिडक्यांच्या कामाला पुण्यात आले. मी २००४ साली नऱ्ह्यात सहाशे फुटांचा गाळा भाड्यानं घेतला. जुनी पॅनल सॉ, दोन रूटर, दोन कारागीर आणि काटकोन तपासायचा वडिलांचा सागवानी मुठीचा गुण्या, एवढ्यावर सुरुवात. तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी 'मॉड्युलर' नव्हतं, 'ट्रॉल्या' होत्या. बिल्डर कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर ग्रॅनाइटचा ओटा बांधून द्यायचा आणि आम्ही खालच्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या सरकवायचो. थाळी, कप-बशी, कटलरी, खाली तेलाच्या डब्याला एक उंच. स्टील ३०४ ग्रेडचं, म्हणजे चांगल्यापैकी, आहे का ते बघायला गिऱ्हाईक खिशात चुंबक घालून यायचं, अजूनही येतं. तुम्हीही नेत असाल तर घरी ठेवा. स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. टेस्टिंगच्या द्रावणाचा थेंब टाकायला सांगा, २०२ असेल तर डाग लाल पडतो. दुकानदार कां-कूं करायला लागला तर थेंबाचीही गरज नाही.

पहिली आठ-नऊ वर्षं बरी गेली. काम होतं, उधारी होती, सांगण्यासारखं काही नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात कोथरूडहून एक बाई गाळ्यावर आल्या. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. पिशवीतून त्यांनी आलेखाच्या कागदाची गुंडाळी काढली. त्यावर त्यांचं अख्खं स्वयंपाकघर होतं, एक चौकोन म्हणजे एक इंच. खिडकी किती उंचीवर, नळ कुठे, गॅसची नळी कुठून येते, फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं. पोळपाट उभा ठेवायला सिंकच्या डावीकडे तीन इंचांची फट. मी आपलं नेहमीचं बोललो, "ओटा चौतीस इंच येईल." बाई म्हणाल्या, "चौतीस तुमच्यासाठी. माझी उंची चार फूट दहा आहे. तीस वर्षं खांदे उचलून पोळ्या लाटल्यात मी. साडेएकतीस करा."

आणि लगेच परीक्षाही घेतली. मला ताठ उभं केलं, कोपर दुमडायला लावलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा हवा, असं त्यांचं गणित. पुढे मी कितीतरी ठिकाणी वाचलं आणि मापंही घेतली. गणित बरोबर आहे. तुमच्या घरात पोळ्या कोण लाटतं त्या माणसाचं कोपर मोजा, बिल्डरचं नको.

बाईंचा जुना ओटा फोडला, खाली १८ मिलिमीटर प्लायचे डबे, म्हणजे कपाटाचे सुटे खण, केले, वर ग्रॅनाइट टाकला. सिंकखालच्या डब्याला ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय. त्या खर्चाला त्यांनी कुरकुर केली नाही, "का?" एवढंच विचारलं. आपल्याकडे ओटा पुसत नाहीत, धुतात. ते पाणी सिंकच्या कडेनं उतरतं आणि पार्टिकल बोर्ड दोन पावसाळ्यांत पावासारखा फुगतो. त्यांना पटलं. बाईंनी पुढे आपल्या ओळखीतली चौदा घरं दिली, आणि प्रत्येकाला आधी कागदावर काढायला बसवून मगच माझ्याकडे धाडलं. माझा तयार शोरूम म्हणजे बाईंचं घर. गिऱ्हाइकाला सांगायचो, कोथरूडला जाऊन बघा, चहा मिळेल आणि प्रश्नही विचारले जातील.

स्वतःचं किचन स्वतः आखायचं आणि आम्ही कापून पाठवायचं, ही कल्पना मी कुठल्या सेमिनारात ऐकलेली नाही. ती त्या गुंडाळीतली आहे.

मधल्या काळात एक मोठी ऑनलाइन कंपनी शहरात आली. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्यांच्या ॲपवर गिऱ्हाईक किचन रंगवणार, ते कापणार आमच्यासारखे गाळेवाले, वर स्टिकर त्यांचा. २०१६ ला आम्ही त्यांचे व्हेंडर झालो. महिन्याला बारा-चौदा किचन यायची. मी कर्ज काढून एज बँडर घेतली, सेकंड हँड, पण मशीन गोड. कडेला दोन मिलिमीटरची पट्टी अशी बसवते की नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. मग पैसे साठ दिवसांनी यायला लागले, पुढे नव्वद, पुढे एकशे वीस. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६ पासून कायद्यात लिहिलेलं आहे. ते मला माहीत होतं, त्यांनाही होतं. तक्रार केली असती तर पुढची ऑर्डर बंद झाली असती, म्हणून गप्प बसलो. त्यात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि फर्निचर २८ टक्क्यांत गेलं. नोव्हेंबरात ते १८ वर आलं, पण मधल्या बिलांचा फरक कोणी सोसायचा, यावर त्यांचा मेल आला. सोसायचा मी. वर कटिंगची पेनल्टी, उशिराची पेनल्टी, दारावर ओरखडा आहे असा फोटो. तो फोटो आमच्या दाराचा नव्हताच, हँडलवरून कळत होतं. २०१८ च्या दिवाळीत मी हात जोडले.

भाचा तेव्हा नुकताच कॉम्प्युटर शिकून बाहेर पडला होता. त्यानं आमचंच एक पान केलं. भिंतीची लांबी टाका, डबे ओढून आणा, रंग निवडा, खाली रक्कम दिसते. बाईंच्या गुंडाळीची कॉम्प्युटरातली नक्कल म्हणा. पहिल्या तीन महिन्यांत सात ऑर्डरी आल्या, सातही नीट लागल्या. आम्ही हवेत.

मग पुनावळ्याच्या एका नव्या सोसायटीतून एक ऑर्डर आली. त्या गृहस्थानं आपलं डिझाइन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि आठवड्यात त्याच मापाच्या आणखी दहा ऑर्डरी आल्या. अकरा किचन, एकच कटिंग लिस्ट. सुताराला याहून सुख नाही. सहाशे मिलिमीटर रुंदीचा, नऊशेचा, साडेचारशेचा डबा, अकरा-अकरा नग, एकदा सेटिंग केलं की संध्याकाळपर्यंत मशीन थांबत नाही. एक लाख चाळीस हजारांचं एक किचन, निम्मे पैसे आगाऊ. मी आमच्या गाळ्यातल्या मिस्त्रींना पेढे दिले. मिस्त्री पेढा खाऊन म्हणाले, "साहेब, एकदा जाऊन बघून येऊ या?" मी म्हटलं, माप ऑनलाइन आलंय.

२०१९ च्या मे महिन्यात टेम्पो गेला. पहिल्याच फ्लॅटमध्ये शेवटचा डबा बसेना. दोन इंच जास्त.

झालं होतं असं. पहिल्या गृहस्थानं माप घेतलं तेव्हा भिंती विटांच्या होत्या. नंतर दोन्ही बाजूंना प्लॅस्टर चढलं, वर टाइल आणि तिच्यामागचा मसाला. एका बाजूला इंचभर धरा, दोन्हीकडचे मिळून दोन. बाकी दहा जणांनी मापच घेतलं नव्हतं, त्याचंच उचललं होतं. आमच्या पानावर 'टाइल बसली आहे का' असा प्रश्नच नव्हता. दुसरं म्हणजे त्या इमारतीत समोरासमोरचे फ्लॅट आरशातल्यासारखे उलटे. साधे डबे उलटसुलट लावता येतात हो, पण कोपऱ्याचा डबा, पाइपासाठी पाठीला भोक पाडलेला सिंकचा डबा, बाहेर दिसणारी बाजूची पट्टी, या गोष्टींना डावं-उजवं असतं. अकरातले पाच फ्लॅट उलटे निघाले.

मिस्त्रींनी उपाय काढला. साडेचारशेचा डबा चारशेचा करायचा, बाकी हलवायचं नाही. हिशोब बरोबर. पण दोन्ही बाजूंचा प्लाय वजा जाता साडेचारशेच्या डब्यात आत ४१४ मिलिमीटर मिळतात आणि पंधरा इंची थाळीची बास्केट दोन्ही चॅनेलांसकट त्यात बसते. चारशेच्या डब्यात आत ३६४ उरतात. बास्केट बाहेर. ज्या बाईला थाळ्यांची ट्रॉली दाखवली तिला मी आता बाटल्यांचा पुलआउट देणार होतो. दुसरा कुठला डबा छोटा करावा तर त्याची दारं बदलायची, आणि त्या लॅमिनेटचा लॉट संपलेला. नव्या लॉटची शेड जुन्याशेजारी लावली की संध्याकाळच्या उजेडात ओरडते.

चार घरं तयार झाली. सात जणांनी पैसे परत मागितले. त्यांचंही चुकलं नाही म्हणा, तेव्हा मात्र मला राग आला होता. माप तुम्ही दिलंत, असं मी एकाला फोनवर बोललो. तो म्हणाला, "धंदा तुमचा आहे." त्यावर अजूनही मला उत्तर सुचलेलं नाही.

सात किचनांचा माल पार्किंगमध्ये थप्पी लावून पडला होता. पुढच्या रविवारी त्याच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये त्याच मोठ्या कंपनीचा स्टॉल लागला. हे एक वेळ ठीक, धंदा आहे. पण त्यांच्या पोरानं आमच्या थप्पीचा फोटो काढून टॅबवर ठेवला होता आणि येईल त्याला दाखवत होता, 'लोकल वेंडर'. ते डबे त्याच मशीनवर कापले होते, ज्या मशीनवर दोन वर्षं त्यांचे कापत होतो. सातातल्या पाच जणांनी तिथे बुकिंग केलं. चार लाख नव्वद हजार परतावा आणि अडकलेला माल धरून सात लाखांच्या वर गेलो. एज बँडरचा हप्ता थकला. बायकोच्या पाटल्या गेल्या. दोन कारागीर गेले, मिस्त्री राहिले. त्यांना मी तीन महिने निम्मा पगार दिला आणि तोही हप्त्यांत.

बाईंना कुठून कळलं माहीत नाही. त्या रिक्षानं गाळ्यावर आल्या, थप्पी बघितली, आमचं पान उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "यात गृहीत काय धरलंय? भिंती काटकोनात आहेत. कोणी सांगितलं?" मग वहीच्या पानावर त्यांनी प्रश्न लिहून दिले. तेच प्रश्न आज आमच्या फॉर्मवर आहेत, क्रमही त्यांचाच. टाइल लागली का. लांबी तीन उंचींवर मोजा, जमिनीशी, ओट्यापाशी आणि डोक्यावर, आणि तिन्हींतलं सगळ्यात कमी माप द्या. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची, खुणांमधलं अंतर पाच भरलं नाही तर काटकोन नाही. टेप लावलेला फोटो. शेजाऱ्याचं माप चालणार नाही, ही ओळ मात्र मी घातली, ठळक अक्षरात. आणि दोन्ही टोकांना पन्नास मिलिमीटरची, फट भरायची फिलर पट्टी पान आता स्वतःच धरतं, कोणाला काढू देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, जागा वाया जाते. जाऊ दे. ती पट्टी जागेवर रंद्यानं घासता येते, डबा घासता येत नाही. पट्टी नसली तर कोपऱ्यातला ड्रॉवर शेजारच्या हँडलवर आपटतो, हे चित्रात कधीच दिसत नाही.

लॉकडाऊननं आम्हाला मारायला हवं होतं, उलट घरी बसलेल्या लोकांनी किचनंच आखली. तेव्हापासून नाशिक, सातारा, सांगलीहून ऑर्डरी येतात, माप व्हिडिओ कॉलवर मिस्त्री घेतात. ते सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतात, भाचा शेजारी बसून मिलिमीटर करतो. तीनातली एक ऑर्डर आम्ही 'टाइल झाल्यावर या' म्हणून परत लावतो. अर्धे लोक परत येत नाहीत. ती मोठी कंपनी अजून जोरात आहे. माझे त्यांच्याकडे एक लाख बारा हजार राहिलेत, आकडा विसरलेलो नाही.

गेल्या महिन्यात बाईंची इमारत पुनर्विकासाला गेली होती ती उभी राहिली. घरी पाकीट आलं, कुरिअरनं, मेल नाही. आत आलेखाचा कागद, प्रत्येक भिंतीची तीन-तीन मापं, कोपऱ्यात '३-४-५: पाव इंच कमी' असा शेरा, खाली 'टाइल लागल्यावर मोजले' आणि सही. ओट्याची उंची एकतीस. मी फोन केला, म्हटलं, मागच्या वेळी साडेएकतीस केला होता, चुकला होता का?

"तुमचं माप बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "मी अर्धा इंच कमी झालेय."

सोमवारी कटिंगला घेतोय. फिलर पट्टी त्यांनी स्वतःच धरली आहे.