एनएसआयएसमध्ये जेसन: ग्राहकाची सेटिंगची फाइल न मोडता अपडेट करणं

अपडेट टाकला आणि ग्राहकाने लावलेला पोर्ट, प्रिंटर, भाषा सगळं मूळ पदावर आलं, ही तक्रार पुष्कळदा ॲपची नसते, इन्स्टॉलरची असते. इथे बोलतोय ते एनएसआयएसने, म्हणजे विंडोजचे इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनाने बनवलेल्या इन्स्टॉलरबद्दल. सेटिंगची जेसन फाइल (नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेली मजकुराची फाइल) बाकीच्या फाइलींच्या रांगेत टाकलेली असते आणि ती जुन्या फाइलीवर जाऊन बसते. स्क्रिप्टमध्ये 'सेटओव्हरराइट ऑफ' केलं तर जुनी फाइल वाचते, पण नव्या आवृत्तीला लागणाऱ्या नव्या नोंदी तिच्यात कधीच येत नाहीत.

खरं काम या दोहोंच्या मधलं आहे: फाइल वाचायची, नसलेली नोंद तेवढी घालायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. एनएसआयएसला आयएनआय (जुनी, साध्या ओळींची सेटिंग फाइल) कळते, जेसन कळत नाही. 'फाइलरीड'ने एकेक ओळ वाचून शब्द बदलण्याचा जुगाड करू नका. जेसनमध्ये ओळींना काही अर्थ नसतो. सगळी फाइल एकाच लांब ओळीत असू शकते आणि एनएसआयएसच्या साध्या बिल्डमध्ये स्ट्रिंगची मर्यादा १०२४ अक्षरांची आहे. त्यापुढचं कापलं जातं.

यासाठी एनएसजेसन हे प्लग-इन आहे. (कमांडची नावं इथे नागरीत लिहिली आहेत, स्क्रिप्टमध्ये ती रोमनमध्येच.) प्लग-इनची फाइल, म्हणजे डीएलएल, योग्य फोल्डरमध्ये ठेवा: युनिकोड इन्स्टॉलरसाठी प्लगइन्समधलं 'एक्स८६-युनिकोड', जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरसाठी 'एक्स८६-अन्सी'. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'युनिकोड ट्रू' स्पष्ट लिहा. मराठी मजकूर स्क्रिप्टमध्येच असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) सेव्ह करा.

क्रम असा. 'क्लिअरएरर्स', मग 'सेट /फाइल' आणि फाइलीचा पूर्ण पाथ. फाइल मेमरीत झाडासारखी उभी राहते. दोन फाइली हाताळायच्या असतील तर '/ट्री' देऊन प्रत्येकीला वेगळं नाव द्या, नाहीतर एकीच्या नोंदी दुसरीत जातात. वाचल्यावर लगेच एरर तपासा. फाइल तुटकी असेल तर तिथेच थांबा आणि तिला हात लावू नका. मग 'गेट /एक्झिस्ट्स', पुढे नोंदीचा रस्ता, शेवटी '/एंड'. त्यानंतर 'पॉप' केलं (स्टॅकवरची, म्हणजे किमतींच्या चळतीवरची, सगळ्यात वरची किंमत उचलली) की येस किंवा नो मिळतं. नो आलं तरच 'सेट', तोच रस्ता, '/व्हॅल्यू' आणि किंमत. ॲरेतला (क्रमाने लावलेल्या यादीतला) घटक हवा असेल तर रस्त्यात '/इंडेक्स' आणि क्रमांक द्या. मोजणी शून्यापासून सुरू होते.

शेवटचा '/एंड' विसरला की खरी गंमत बिघडते. प्लग-इनला दिलेले शब्द एनएसआयएस स्टॅकवर ठेवतं आणि 'गेट' '/एंड' सापडेपर्यंत एकेक शब्द उचलत जातं. तो सापडला नाही तर तुम्ही आधी 'पुश' केलेल्या (स्टॅकवर ठेवलेल्या) किमतीही ते रस्त्याचा भाग समजून गिळतं. बिघाड मग भलत्याच ठिकाणी, पन्नास ओळी खाली दिसतो. तसंच एरर आली असेल तर 'पॉप' करू नका. प्लग-इनने काही ठेवलेलंच नसतं, त्यामुळे हातात येते दुसऱ्या कुणाची किंमत.

किमतीच्या बाबतीत सगळ्यात जास्त घात करते ती विंडोजच्या पाथमधली उलटी तिरकी रेघ. जेसनमध्ये ती एस्केपची, म्हणजे पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारी खूण आहे. पाथमधलं फोल्डर 'टेम्प' असेल आणि त्याचं पहिलं इंग्रजी अक्षर लहान लिपीत असेल, तर रेघ आणि ते अक्षर मिळून टॅब होतो. 'न्यू' असेल तर नवी ओळ होते. लहान 'यू'ने सुरू होणारं 'युटिल्स' असेल तर पुढे चार हेक्स अंक अपेक्षित असतात, ते नसल्यामुळे किंमतच चुकीची ठरते. म्हणून इन्स्टॉलचा पाथ कधीही थेट अवतरणात घालू नका. आधी 'क्वोट' कमांडमधून काढा, ती अवतरण लावते आणि रेघा दुप्पट करते. तिला '/युनिकोड' दिलं तर इंग्रजीबाहेरची अक्षरंही एस्केप होतात. वापरकर्त्याचं फोल्डर 'सीमा' असेल तर 'स'च्या जागी रेघ, 'यू' आणि ०९३८ असं लिहिलं जातं. एन्कोडिंग काहीही असलं तरी ॲपला 'सीमा'च वाचायला मिळतं.

आकडा आणि मजकूर यांत फरक ठेवा. अवतरणाशिवाय ८०८० हा आकडा, अवतरणात तो मजकूर. ॲप आकडा मागत असेल आणि मजकूर मिळाला तर ते कदाचित सुरूच होणार नाही. पोर्टच्या चौकटीत कुणी ०१२०० टाकलं तर सुरुवातीचं शून्य काढून मगच लिहा, जेसनला ते चालत नाही. 'इंटऑप' या गणिताच्या कमांडवर सोडू नका, ते असा आकडा ऑक्टल (आठच्या पायाचा) धरतं आणि १२०० ऐवजी ६४० देतं.

लिहिताना 'सिरियलाइज /फॉरमॅट /फाइल' वापरा. '/फॉरमॅट'मुळे फाइल माणसाला वाचता येईल अशी मांडली जाते. पूर्ण झाड व्हेरिएबलमध्ये घेऊन मग लिहायला गेलात तर १०२४ची मर्यादा पुन्हा आडवी येते. मूळ फाइलीवर थेट लिहू नका. शेजारी नव्या नावाने लिहा, एरर नाही हे बघा, जुनी बॅकअपची फाइल 'डिलीट' करा, मूळ फाइल 'रिनेम'ने बॅकअप करा आणि मग नवीला मूळ नाव द्या. समोर त्याच नावाची फाइल असेल तर 'रिनेम' होत नाही, म्हणून हा क्रम. फाइलीत बीओएम आला नाही ना तेही तपासा, नोडचा (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचा) जेसन वाचणारा भाग त्यावर अडतो.

इन्स्टॉलर ॲडमिन म्हणून चालत असेल आणि साध्या खात्यावर बसलेल्या माणसाने दुसऱ्याचा ॲडमिन पासवर्ड टाकला असेल, तर 'ॲपडेटा' (प्रत्येक खात्याचं सेटिंगचं फोल्डर) त्या ॲडमिनचा उघडतो. नोंद बरोबर लिहिली जाते, पण भलत्याच माणसाच्या फाइलीत. सगळ्यांसाठीची सेटिंग 'सेटशेलव्हारकॉन्टेक्स्ट ऑल' करून सगळ्या खात्यांच्या सामायिक प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये ठेवा आणि वैयक्तिक सेटिंग ॲपलाच पहिल्यांदा उघडताना लिहू द्या.

'ऑनइनिट'मध्ये (इन्स्टॉलर सुरू होताच चालणाऱ्या भागात) प्लग-इन वापरत असाल आणि कॉम्प्रेशन सॉलिड, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र दाबणारं, असेल तर 'रिझर्व्हफाइल /प्लगइन' जोडा. डीएलएल डेटाच्या सुरुवातीला येते आणि पहिली खिडकी लवकर उघडते. अनइन्स्टॉलरमध्येही हेच प्लग-इन चालतं. दुसऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत तुम्ही नोंद घातली असेल तर काढताना ती फाइल पुसू नका. प्लग-इनची 'डिलीट', आपल्या नोंदीचा रस्ता, '/एंड', आणि पुन्हा 'सिरियलाइज'.