फॉलोअर्स गाणं करायला येत नाहीत

म्युझिक प्रोड्युसरने, म्हणजे गाण्याचं संगीत बनवून रेकॉर्ड करणाऱ्याने, स्वतःचं मार्केटिंग कसं करायचं हे विचारणारे मेसेज हल्ली बरेच येतात आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यात मार्केटिंग म्हणजे रील. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर उघडं, समोर प्रोड्युसर मान हलवतोय, खाली 'बीट (गाण्याखालचा संगीताचा तुकडा) कशी वाटली सांगा'. बघतं कोण? दुसरे प्रोड्युसर. ते म्हणणार 'एक नंबर भावा' आणि आपली रील टाकायला जाणार. चांगलं आहे, पण त्यातला एकही माणूस तुमच्याकडे गाणं करायला येणार नाहीये.

मी मिरजेत राहून हे काम करतो, त्यामुळे मुंबईत अमुक पार्टीला जा, तमुकला भेट हे सल्ले माझ्या काही कामाचे नाहीत. माझं गिऱ्हाईक ऐकणारा नाही, माझं गिऱ्हाईक म्हणजे गायक, गीतकार, व्हिडिओ करणारी पोरं, कार्यक्रमांचे साउंडवाले, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वादक. एवढ्या मंडळींना आपलं नाव माहीत असलं पाहिजे आणि त्यांना खात्री पाहिजे की हा माणूस सांगितलेल्या दिवशी ट्रॅक देतो. बाकी लाखभर लोकांना माहीत नसलं तरी चालतं.

आता कोणी म्हणेल स्ट्रीमिंगचे पैसे? स्पॉटिफायवर 2024 पासून एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्याची रेकॉर्डिंग रॉयल्टीच मोजत नाहीत. नवीन मराठी गाण्याला, तेही मागे लेबल म्हणजे म्युझिक कंपनी नसताना, हा आकडा गाठायला घाम फुटतो, आणि गाठला तरी त्यात स्टुडिओचं लाइट बिल निघत नाही. तरी गाणी टाकावीत, कारण गायकाला लिंक पाठवायची तर ती नीट दिसली पाहिजे, आणि टाकायचीच तर रिलीजच्या आधी निदान सात दिवस स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या अ‍ॅपमधून पिच करा (प्लेलिस्टसाठी गाणं सुचवा), म्हणजे फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, त्यांच्या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, तरी येतं. आदल्या रात्री अपलोड करून 'उद्या येतंय' पोस्टर टाकणारे खूप आहेत.

मेसेज कसा करायचा यावर मात्र मी तासभर बोलू शकतो. 'दादा बीट आहे ऐका ना' आणि खाली पाच लिंक, हे कोणी उघडत नाही. आधी त्या गायकाची दोन-तीन गाणी ऐका, त्याची पट्टी काढा (पेटीवरच्या कुठल्या सुराला 'सा' धरून गातो ते, काळी पाच, पांढरी पाच वगैरे), आणि त्याच पट्टीत एकच तुकडा करून पाठवा, चाळीसेक सेकंदांचा, मुखड्याची जागा रिकामी ठेवून. मेसेजमध्ये एवढंच की ताई तुमची हळदीची गाणी ऐकली, काळी पाचमध्ये एक चाल सुचलीये, जमलं तर गुणगुणून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ फाइलच पाठवा, ड्राइव्हची परमिशन मागणारी लिंक नको. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा विचारा, मग सोडून द्या. काही जण सहा महिन्यांनी फोन करतात, 'ती चाल आहे का अजून?'

आणि वेळ बघा ना राव. गणपतीची गाणी आषाढातच रेकॉर्ड व्हायला लागतात, भाद्रपदात बीट घेऊन गेलात तर तो गायक मंडळांचे कार्यक्रम करत फिरत असतो. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे हळदीचं गाणं दसऱ्याच्या आसपास तयार पाहिजे. शिवजयंती 19 फेब्रुवारी, भीमजयंती 14 एप्रिल, दोन्हीसाठी निदान दोन महिने आधी बोलणं. हे कॅलेंडर भिंतीवर लावलं तरी निम्मं काम झालं असं मला वाटतं, अल्गोरिदमचा अभ्यास नंतर करा.

वादकांचं वेगळं सांगतो कारण तिकडे कोणी लक्षच देत नाही. यूट्यूबवर मराठी गाण्यांची डिस्क्रिप्शन उघडून बघा, लेबल, निर्माता, पोस्टर डिझाइन, अगदी ड्रोनवाल्याचंही नाव असतं, ढोलकी कोणी वाजवली ते नसतं. मी नाव टाकतो, टॅग करतो, त्यांच्या एकट्याच्या वादनाची छोटी क्लिप कापून त्यांना देतो, वापरा म्हणतो. ढोलकीवाला महिन्याला किती गायकांबरोबर बसतो विचार करा, आणि प्रवासात गाडीत 'कोणाकडे करायचं गाणं' हा विषय निघतोच. माझी बरीचशी कामं त्या गाडीतून आलेली आहेत.

मिरजेचा एक फायदा म्हणजे इथे सतारमेकर गल्ली आहे. तानपुऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून झंकार आणताना, कारागीर तारेचा आवाज कसा उघडत नेतात ते मी परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं, मोबदला दिला, आणि नावासकट टाकलं. माझ्या बीटच्या रीलपेक्षा ते जास्त लोकांनी पाहिलं, बाहेरच्या प्रोड्युसरांनी त्या आवाजाचे सॅम्पल (आपल्या गाण्यात वापरायला तुकडे) मागितले, ओळखी झाल्या. तसंच दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव होतो तिथे जाऊन नुसतं ऐकत बसा, कार्ड वाटू नका. कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना साथीदार आपणहून विचारतात, तुम्ही काय करता.

पैशाचं आधीच बोला, ओळखीत तर जास्तच. अर्धे आधी, दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे, हे सगळं लेखी. 'गाणं चाललं की बघू' म्हणणाऱ्या एका चॅनेलवाल्याचं गाणं चाललं, अजून बघतायत. चाल तुमची असेल तर कोणाचा किती टक्के हिस्सा ते रेकॉर्डिंगच्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून सगळ्यांकडून 'ओके' घ्या, आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या आणि गाणं तिथे नोंदवा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा करारात लिहून घेतला म्हणून लेबलचा होत नाही, पण नोंदच नसेल तर पैसे पाठवणार कोणाला? नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर स्पॉटिफायवर तुमच्याच नावाची दोन वेगळी प्रोफाइल तयार होतात आणि ती एक करून घेताना डोकं उठतं.

सध्या हळदीच्या दोन चाली पडून आहेत, एक काळी चार, एक पांढरी पाच. सांगली-कोल्हापूरकडचं कोणी गाणारं असेल तर पट्टी लिहून मेसेज करा, आणि प्लीज, पाच लिंक नकोत.