ससा धुवायचा नसतो

घरी आलेल्या माणसाचा ठमीला बघून हमखास एकच प्रश्न असतो, "हिला आंघोळ कधी घालता?" कधीच नाही, असं सांगितलं की लोक हळूच पाय वर घेतात. ठमी म्हणजे आमची सशीण. रंगानं राखाडी, स्वभावानं करारी. तिच्या अंगाला वास येत नाही, हे पटवायला मी आता तिला सरळ पुढ्यात आणून ठेवते.

सशाचे खालचे केस इतके दाट असतात की एकदा आतपर्यंत भिजले की वाळता वाळत नाहीत आणि तेवढ्यात अंग गारठतं. त्यातून तो घाबरला की मागच्या पायांनी जिवाच्या आकांतानं झटका देतो. पाय दांडगे, पाठीचं हाड मात्र नाजूक. चुकीच्या पकडीत असा एक झटका बसला तर पाठ मोडू शकते. कुठे घाण लागलीच तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तेवढाच भाग पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. बाकीचं ती बघून घेते. लांब वेणी पुढे घेऊन विंचरावी तसा दोन्ही पंजांत कान धरून खाली ओढते आणि टोकापर्यंत चाटत जाते. मग दुसरा कान.

म्हणून सशाची स्वच्छता म्हटलं की मी आधी शेपटीखाली बघते. रोज. पाहुण्यांसमोर नाही, एवढी लाज मी बाळगून आहे.

ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक म्हणजे कोरड्या, गोल, चुरली तर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या लेंड्या. दुसरी मऊ, काळपट, चकचकीत, छोट्या घडासारखी. ही दुसरी तो खाली पडूच देत नाही, तिथल्या तिथे तोंड लावून खातो. किळस वाटली तरी थांबवायचं नाही. आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्यात असतात, पहिल्या फेरीत ती अंगी लागलेली नसतात. हा मऊ घड जमिनीवर चिरडलेला किंवा बुडाला चिकटलेला सापडू लागला की काहीतरी बिघडलं आहे. बहुतेक वेळा पेलेट, म्हणजे विकत मिळणारं गोळ्यांचं तयार खाद्य, आणि गोड फळं जास्त होतात आणि गवत कमी पडतं. कधी ससा इतका सुटलेला असतो की मान तिथवर पोचतच नाही, तर कधी पाठ किंवा सांधे दुखत असतात. अशा वेळी नुसतं बूड पुसत बसून उपयोग नाही, ताटात काय पडतंय ते बघावं लागतं. आहाराचा मोठा भाग, साधारण ८० टक्के, वाळलं गवतच हवं. आठवड्याला जवळपास २ मिलिमीटर वाढणारे दातही त्या गवतानंच झिजतात.

आणि हे घाण बूड उबदार, दमट दिवसांत जिवावर बेतू शकतं. माशी त्या ओल्या केसांत अंडी घालते, एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडून कातडी पोखरायला लागतात. वरून ससा नुसता गप्प बसल्यासारखा दिसतो. अळी दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, तडक डॉक्टरकडे जा.

केस गळायला लागले की घरभर ठमीच ठमी असते. मऊ ब्रश केसांच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवायचा, ओढायचा नाही. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, फाटते. पोटात गेलेले केस ससा ओकून टाकू शकत नाही, ते लेंडीवाटेच बाहेर जायला हवेत. मात्र सगळा दोष केसांच्या माथी मारू नये. आतडं मंदावतं ते बरेचदा गवत आणि पाणी कमी पडल्यानं, दुखण्यानं किंवा भीतीनं. मग केस आत अडकतात. लेंड्या लहान झाल्या, आकार बिघडला किंवा केसात ओवलेल्या मण्यांसारख्या यायला लागल्या की मी लक्ष ठेवते. खाणं-हगणं दोन्ही थांबलं तर सकाळची वाट बघत नाही. दहा-बारा तासांचा उपास सशासाठी खरोखर धोक्याचा असतो.

ट्रेच्या बाबतीत सशाशी वाद घालू नये. तो मुतायला जो कोपरा निवडतो, तिथेच ट्रे सरकवावा. खाली दाबलेल्या कागदाच्या गोळ्या, वर गवताचा ढीग. ससा खाता खाताच कार्यक्रम उरकतो, त्यामुळे ही सोय त्याला मान्य असते. मांजरांसाठीची गोळा होणारी माती नको, पोटात गेली तर तिथेही गोळाच होते. उग्र वासाचा लाकडी भुसाही नको. ट्रेच्या तळाशी पांढरी पुटं धरतात ती लघवीतल्या कॅल्शियमची. साबणानं हलत नाहीत, व्हिनेगर ओतून ठेवलं की सुटतात. लघवी कधी केशरी, कधी चक्क लाल दिसते. पालेभाजीतल्या रंगद्रव्यानं तसं होऊ शकतं. पण रक्ताचे ठिपके वेगळे दिसले किंवा ससा कुंथत असला तर तपासून घ्या.

ट्रेला वास येतोय का, हे उभं राहून ठरवू नका. सशाचं नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. गुडघे टेकून तिथे श्वास घेऊन बघा. त्या उग्र वासानं नाक आणि फुप्फुसं चिडतात. नाक गळतंय का, हे पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूला कळतं. ससा तिथेच नाक पुसतो, त्यामुळे केस चिकट आणि गुंता झालेले असतात.

नखं कापायला दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक कापायला. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून मागून टॉर्च मारायचा आणि टोकच उडवायचं. सशाला उताणा केला की तो निपचित पडतो, आणि "बघा, कसा शांत झाला" असं म्हणत लोक व्हिडिओ काढतात. तो शांत नसतो, भीतीनं मेल्याचं सोंग घेतो. ठमीला आम्ही टॉवेलात गुंडाळून मांडीवर सरळच बसवतो.

मादी असेल तर गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घ्या. न केलेल्या माद्यांत वय वाढेल तसा तिथला कॅन्सर फार आढळतो. कुत्र्या-मांजरांचं पिसवांचं औषध परस्पर लावू नका. त्यातल्या फिप्रोनिलनं ससे दगावतात. पेनिसिलीनच्या जातीची तोंडावाटे दिलेली औषधंही सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारून टाकतात. त्यामुळे सशांची माहिती असलेला डॉक्टर आजारपणाआधीच गाठून ठेवावा. पारखायला माझा एक प्रश्न आहे : "ऑपरेशनच्या आदल्या रात्री हिला उपाशी ठेवायचं ना?" ससा ओकत नाही आणि त्याचं आतडं थांबून चालत नाही, म्हणून उत्तर ठाम "नाही" असंच यायला हवं. "हो, रात्रीपासून काही देऊ नका" असं कानावर आलं, की मी हसून निरोप घेते आणि दुसरा दवाखाना शोधते.