चिकोडीच्या पुढची दुपार

संकेश्वर कधी आलं नि कधी गेलं आठवत नाही, मुक्काम शाळेत होता आणि आमटी झणझणीत होती एवढंच. माघीला आमच्याकडं उसाचा सीझन असतोय, त्यामुळं रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्या डेकवर ठणाणा गाणी, आणि त्यात आमचे टाळ-मृदंग. माझ्या पुढचा टाळकरी सारखा ठेका चुकवालता, मी तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम म्हणत मनात त्याला शिव्या घालत होतो.

चिकोडी सोडली आणि टाचेचा फोड असा ठणकायला लागला की पाऊलच टेकवेना. दिंडी पुढं गेली. मी एका पंक्चरच्या दुकानापुढं बसलो. मालक कन्नड बोलणारा, मराठी मोडकंतोडकं. काही न विचारता स्टूल सरकवला, ट्यूब बुडवून बघायचं घमेलं घासून त्यात स्वच्छ पाणी ओतलं, पाय स्वतःच धुतला. हात साबणानं कोपरापर्यंत धुतले तरी नखातलं ग्रीस तसंच. सुई लायटरवर तापवली, दोरा ओवला, फोडातनं आरपार नेला आणि दोऱ्याची टोकं बाहेर तशीच ठेवली, पाणी झिरपून जाऊदे म्हणून. दिंडीतल्या म्हाताऱ्या करतात अगदी तसं. कुठं शिकलासा म्हटलं तर म्हणाला, आई वारीला जायची, आल्यावर तिचे पाय मीच बघायचो.

मी माऊली म्हणून वाकलो तर पाय मागंच घेतले. "नको री. देवर मेले नंबिकी इल्ल नंगा." देवावर विश्वास नाही. मग हे कशाला? "पाय दुखालंय नव्हं तुमचं?" पैसे काढले तर हसला, पंक्चर काढलं असतं तर घेतलं असतं म्हणाला.

आणि त्याच रात्री कीर्तनात आमचे बुवा काय म्हणाले, तर ज्याला देव नाही त्याला माणुसकी कुठनं असणार, भीती गेली की माणूस जनावर! सगळे माना डोलवालते. माझं डोकंच फिरलं. भीतीनं नीट वागणारा म्हणजे पोलीस दिसल्यावर हेल्मेट घालणारा, त्याचं काय एवढं कौतुक? पंगतीत विचारलंच, "बुवा, 1947 ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दलितांना मंदिर उघडा म्हणून. दार अडवणारे काय नास्तिक होते व्हय?"

"आणि गुरुजी? ते तरी देव मानणारेच की," बुवा म्हणाले.

तेच तर! दोन्हीकडं देव मानणारेच, मग फरक पडला तो दुसऱ्याच कशानं तरी. पण बोलायच्या आधीच बुवांनी माझ्या ताटात भाकरी टाकली, "खा आदी." रात्री एका पोराला ताप भरला तर आपली घोंगडी त्याच्यावर घालून हा माणूस पहाटेपर्यंत खोकत बसला. आता राग कुणावर काढू?

काकड्याला मात्र आवाज छान लागला. अंकली-मांजरीच्या पुलावर कृष्णा बघून उगाच भरून आलं. मिरज, सांगोला, धूळ. मी देव मानतो, कळस दिसला की रडतोच. पण त्या दुकानदाराच्या चांगुलपणाचं क्रेडिट परस्पर विठोबाच्या खात्यात टाकणं मला काही पटत नाही. आमच्या आक्का म्हणतात तसं, "देवानंच पाठवला गा त्याला." त्याला विचारलं काय कुणी?

पंढरपुरात चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकलं. देवळाच्या एवढ्या जवळ आणि बाहेरच. नामदेव पायरीपाशी तोबा गर्दी, मागच्यानं "माऊली, माऊली" म्हणत कोपर मारलं. मी पण माऊली म्हटलं आणि मारलं.