फाइल सरांकडे आहे: केस पेपरची प्रत मिळवताना आलेला अनुभव

आमच्या नात्यातल्या एका मुलीवर कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात नैराश्यासाठी उपचार चालू होते. नऊ दिवस ती दाखल होती, पुढे चार महिने ओपीडी. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञानंच तिच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला. काय घडलं ते सांगायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं, मी ते लिहिणार नाही. तिला विचारून लिहितेय ते फक्त कागदांबद्दल. तक्रार करायचं ठरल्यापासून ती दाखल होईपर्यंत आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले ते तिच्याच केस पेपरची प्रत मिळवण्यात. सव्वीस दिवस. अजून आठवलं की संताप होतो.

मनाच्या आजारात ही प्रत इतकी महत्त्वाची का, ते आधी सांगते. रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून येतो, एक्स-रे मशीन काढतं. पण ‘रुग्णाला संशय येतात’, ‘रुग्ण डॉक्टरांमध्ये भावनिकदृष्ट्या गुंतते’ असली वाक्यं लिहिणारा तोच असतो, ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची आहे. उद्या चौकशीत तीच वाक्यं तिच्यासमोर वाचली जातात. म्हणून त्याला कुणकुण लागायच्या आत प्रत हातात यायला हवी. आमचं नेमकं इथेच चुकलं. तिच्या भावानं रागाच्या भरात रुग्णालयात फोन करून ‘बघून घेतो’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी फाइल रेकॉर्ड रूममधून उठून सरांच्या केबिनमध्ये गेली.

पहिल्यांदा मी काउंटरवर तोंडीच विचारलं. “फाइल सरांकडे आहे ताई, उद्या या की.” उद्या गेले तर सर मिरजेला. परवा गेले तर “पेशंटला स्वतः यायला सांगा, सरांना भेटून घेऊन जाऊ दे.” ज्या माणसाचं नाव ऐकलं तरी तिचे हात गार पडतात, त्याच्या केबिनमध्ये जाऊन तिनं स्वतःचे कागद मागायचे! काउंटरवरच्या मुलीचा दोष नव्हता, तिला सांगितलं होतं तेवढंच ती बोलत होती. पण तोंडी विचारण्यात माझे चार दिवस वाया गेले आणि त्या चार दिवसांचा कुठेही कागद नाही. तोंडी मागू नका. एकदाही नाही.

डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आजही लागू आहे. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले. या आचारसंहितेतल्या १.३.२ प्रमाणे रुग्णानं किंवा रुग्णानं अधिकार दिलेल्या माणसानं नोंदी मागितल्या तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. न जपणं आणि मागूनही ७२ तासांत न देणं हे ७.२ नुसार स्वतंत्र गैरवर्तन आहे. म्हणजे ‘पेशंटलाच पाठवा’ याला काही आधार नाही. तिच्या सहीचं अधिकारपत्र, तिच्या आणि माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स, एवढं पुरतं.

अर्जात कारण लिहू नका. ‘तक्रार करायची आहे’ असं तर नाहीच. ‘दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा आहे’ एवढं लिहिलं तरी चालतं, तेही सक्तीचं नाही. ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहिलं की डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स हातात ठेवतात, म्हणून एकेक नाव घालायचं: दाखल करतानाचा कागद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, संमतिपत्रं, डिस्चार्ज कार्ड, बिलं, आणि ओपीडीच्या सगळ्या तारखांच्या नोंदी. शेवटी ‘प्रत्येक पानावर पान क्रमांक, सही व शिक्का असावा, प्रतींचा खर्च देण्यास तयार आहे’. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एकीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्यायचा.

आमचा अर्ज त्यांनी हातात घेतलाच नाही. व्यवस्थापक म्हणाले, “मानसिक रुग्ण आहे, तिची सही चालत नाही.” हे वाक्य ऐकून मी क्षणभर गप्प झाले, कारण ते खरं असेल असं मलाही वाटून गेलं. ते खोटं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी मनानं असमर्थ ठरत नाही, ते ठरवायचं तर सक्षम न्यायालयानं. गंमत नव्हे, चीड यावी अशी गोष्ट ही की दाखल करताना संमतिपत्रावर त्यांनी तिचीच सही घेतली होती. त्याच कायद्याचं कलम २५ मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क देतं. २०१८ च्या नियमांत त्यासाठी ‘नमुना अ’ आहे आणि मानसोपचार आस्थापनेला पंधरा दिवसांची मुदत आहे. आम्ही ७२ तासांचा अर्ज आणि ‘नमुना अ’ दोन्ही जोडले, म्हणजे ‘हा अर्ज चुकीच्या नमुन्यात आहे’ म्हणायला जागा राहिली नाही. रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल या कारणानं एखादी विशिष्ट माहिती रोखता येते, सगळी फाइल नाही. आणि रोखली तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते हे रुग्णाला सांगावं लागतं. आम्हाला असं कुणीही काहीही सांगितलं नाही.

मग पोस्ट. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, खिडकीवर पोचपावतीसकट नोंदणी मागून घ्यायची. पाकिटावर पत्ता रुग्णालयाचा, ‘वैद्यकीय संचालक’ या पदाच्या नावे, डॉक्टरच्या व्यक्तिगत नावे नाही. सहाव्या दिवशी पाकीट परत आलं. वर निळ्या पेनानं पोस्टमननं लिहिलेलं: ‘घेण्यास नकार’. खाली तारीख आणि सही. ती रडायला लागली, पण ते पाकीट आम्हाला पुढे फार कामी आलं. नीट पत्त्यावर नोंदणीनं पाठवलेलं पत्र नाकारलं तर ते पोहोचलं असं कायदा धरून चालतो. परत आलेलं पाकीट फोडू नका. सील तसंच ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि आतल्या अर्जाची प्रत वेगळी जपा.

त्या पाकिटाच्या फोटोसह आम्ही महापालिकेच्या आरोग्य विभागाला पत्र दिलं, कारण शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ खाली तिथे होते. या कायद्याखालच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आम्ही पत्रात दोनच मुद्दे घातले: नोंदी नाकारल्या, आणि सनद लावलेली नाही. गैरवर्तनाचा उल्लेख मुद्दाम टाळला, तो वेगळा विषय. माहिती अधिकारात रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रतही मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आणि अर्ज दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्यात तसा नियमच आहे. त्या पत्रानंतर आठवड्यात रुग्णालयातून फोन आला: “प्रत तयार आहे, घेऊन जावा.”

काउंटर सोडायच्या आधी तिथेच उभं राहून पानं मोजा. आमच्या गठ्ठ्यात सत्तेचाळीस पानं होती आणि नर्सिंग नोट्सची दोन दिवसांची पानं नव्हती. मी हललेच नाही. वीस मिनिटांनी ती दोन पानं आली. डॉक्टरच्या एका नोंदीत दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत, बाकीच्यापेक्षा बारीक अक्षरात, एक वाक्य कोंबलेलं होतं: ‘रुग्ण अवाजवी जवळीक दाखवते’. आणि मागून आलेल्या पानांपैकी एकावर, त्याच रात्रीची, दुसऱ्याच अक्षरातली नोंद: ‘रा. १०.४० सर राउंडला आले, सिस्टरना बाहेर थांबण्यास सांगितले’. मला वाटतं सगळ्या फाइलीत हीच ओळ सगळ्यात मोलाची आहे. नर्सिंग नोट्स दर पाळीला वेगळी माणसं लिहितात, वेळेसकट लिहितात, आणि सरांना त्या सगळ्या आठवत नसतात. म्हणून अर्जात ‘नर्सिंग नोट्स’ हे दोन शब्द विसरू नका. प्रत तिनं स्वतः वाचली. सुरुवातीलाच म्हणाली होती, “आक्का, त्यानं माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला आधी वाचायचंय.”

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, आत्ता आठवली. डॉक्टर सोडायचा म्हणून गोळ्या एकदम सोडू नका. नैराश्यावरची काही औषधं अचानक थांबवली की चक्कर, झोप उडणं, जीव घाबरा होणं असा त्रास होतो, आणि मग ‘बघा, आजार बळावला’ म्हणायला त्याला कारण मिळतं. आधी दुसरा डॉक्टर गाठा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे. नव्या डॉक्टरनं लिहिलेली आजची मनःस्थिती हाही पुढे चांगला कागद ठरतो.

बाकीचे टप्पे त्या मानानं सरळ गेले. मेडिकल कौन्सिलची तक्रार पाठवण्याआधी पदवी बघा. एमबीबीएस, एमडी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. बीएएमएस असेल तर भारतीय चिकित्सा पद्धतीची परिषद. होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी, परिचारिकांची वेगळी, फिजिओथेरपीची वेगळी. आपल्याकडे पाटीवर सगळेच ‘डॉ.’, म्हणून चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक टिपून घ्या, तो छापणं बंधनकारक आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदवलेला असतो. डॉक्टरनं रुग्णाशी अयोग्य वर्तन केलं तर त्यासाठी आचारसंहितेतलं कलम ७.४ आहे, ते तक्रारीत नावानिशी घाला. तक्रार प्रतिज्ञापत्रावर, नोटरी करून दिली. आम्ही कसबा बावड्याला कोर्टात गेलोच होतो, तिथेच नोटरी झाली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आमच्या वकीलबाई तिथूनच मिळाल्या.

पोलिसांत पहिल्यांदा ऐकायला मिळालं की डॉक्टरांवर गुन्हा नोंदवायचा तर आधी वैद्यकीय समितीचा अभिप्राय लागतो. वकीलबाईंनी शांतपणे समजावलं: सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालातलं ते संरक्षण उपचारातल्या निष्काळजीपणापुरतं आहे, अंगचटीला जाणं हा उपचार नव्हे. १ जुलै २०२४ नंतरची घटना असेल तर भारतीय न्याय संहिता लागते, आधीची असेल तर जुनी दंडसंहिता, म्हणून तारखा पक्क्या हव्यात. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं.

आणि प्रतीसाठी थांबताना एक मुदत आमच्या हातून जवळजवळ निसटली. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात रुग्णालयही ‘कामाचं ठिकाण’ आहे आणि तक्रारदार बाई तिथे नोकरीलाच असावी अशी अट नाही, रुग्ण बाईही तक्रार करू शकते. पण शेवटच्या घटनेपासून तीन महिनेच. सबळ कारण असेल तर आणखी तीन. डॉक्टर स्वतःच मालक असेल तर रुग्णालयातल्या समितीकडे जाऊन उपयोग नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. आम्ही ८७ व्या दिवशी पोहोचलो. ही तक्रार केस पेपरसाठी अडवून धरू नका, कागद नंतर जोडता येतात.

मोबाइलवरचे मेसेज: एकही पुसू नका, तिचे स्वतःचे उत्तराचेही. आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, पूर्ण चॅट तारखांसह काढा आणि मूळ फोन विकू किंवा बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा दुसरा भाग तज्ज्ञ भरतो, तेव्हा वकिलाला आधी विचारा. रुग्णालयातलं सीसीटीव्ही थोड्या दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवावं अशी मागणी पोलिसांतल्या पहिल्याच अर्जात घाला. आम्ही दुसऱ्या अर्जात घातली, तोवर ते गेलं होतं.

तक्रारीचा मजकूर दोन पानांचा ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय केलं, काय म्हणाला. विशेषणं काढून टाका. पहिला मसुदा मी लिहिला होता तो सात पानांचा होता आणि त्यात ‘नराधम’ हा शब्द चार वेळा होता. वकीलबाईंनी तो बाजूला ठेवून तिलाच बोलायला लावलं आणि ती बोलेल तसं उतरवून घेतलं. त्याच दरम्यान त्या डॉक्टरनं तिच्या भावाला फोन करून तिच्या आजाराबद्दल बोलायचा प्रयत्न केला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्याच्यावर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं बंधनकारक आहे, म्हणून त्या फोनची तारीख, वेळ आणि कॉल लॉगचा फोटो तक्रारीला पुरवणी म्हणून जोडला.

मेडिकल कौन्सिलकडून मुंबईच्या सुनावणीचं पत्र आलंय. महालक्ष्मी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढलीत. पिशवीत मूळ फोन, सही-शिक्क्याची एकोणपन्नास पानं आणि ते न फोडलेलं पाकीट आहे.